स्पेलिंग बी, आमची नात आणि संध्याकाळचं जेवण



‘स्पेलिंग’ला मराठीत सोपा प्रतिशब्द नाही, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? आपल्याकडे शुद्धलेखन आहे, ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ आहेत, ‘श’ आणि ‘ष’ची जुनी भांडणं आहेत. पण शब्द कानावर पडला की तो साधारण कसा लिहायचा हे आपल्याला कळतं. ‘कमळ’ म्हटलं की क, म, ळ. विषय संपला. इंग्रजीत मात्र गुडघ्याला ‘नी’ म्हणायचं आणि लिहिताना आधी एक ‘के’ लिहायचा, जो कुणी उच्चारतच नाही. भाषा अशी असली की तिचे शब्द पाठ असणं हाच एक पराक्रम होतो. आणि पराक्रम म्हटला की स्पर्धा आलीच.

अमेरिकेत या स्पर्धेला ‘स्पेलिंग बी’ म्हणतात. पूर्वी तिकडे शेजारीपाजारी एकत्र जमून एखादं काम उरकत, गोधड्या शिवत, मक्याची कणसं सोलत. त्या जमण्याला ‘बी’ म्हणायचे. आपल्याकडे शेतात सावड असते, किंवा उन्हाळ्यात आळीतल्या बायका एकेकीच्या घरी पापड लाटायला जमतात, तसंच. गंमत बघा, सगळ्यांनी मिळून काम उरकायचं असा ज्या शब्दाचा अर्थ, त्याच नावाखाली आज शेवटी एक मूल उरेपर्यंत बाकीच्यांना एकेक करून बाहेर काढतात.

मागच्या हिवाळ्यात मी सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला होते. ऑक्टोबरात गेले, मार्चअखेरीस सांगलीला परतले. नात तेव्हा सहावीत होती आणि घरात स्पेलिंग बीचं वारं होतं. त्या काळात मी या स्पर्धेबद्दल जे वाचलं आणि घरातल्या घरात जे बघितलं, ते आज लिहितेय. आपल्यापैकी कितीतरी जणींची नातवंडं तिकडे आहेत. आणि इकडेही मुलांच्या स्पर्धांना काही तोटा नाही.

राष्ट्रीय स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. लुइव्हिल शहरातल्या एका वर्तमानपत्राने पुढाकार घेतला, आणखी काही वर्तमानपत्रं सामील झाली आणि वॉशिंग्टनमध्ये नऊ मुलं अंतिम फेरीला उभी राहिली. ‘ग्लॅडिओलस’ या फुलाच्या नावाचं स्पेलिंग बरोबर सांगून फ्रँक न्यूहाउझर हा अकरा वर्षांचा मुलगा जिंकला. पुढे स्क्रिप्स कंपनीने ती चालवायला घेतली. महायुद्धातली तीन वर्षं आणि करोनाचं २०२० हे वर्ष सोडलं तर स्पर्धेत खंड पडलेला नाही. आज ग्लॅडिओलसवर कुणी जिंकणार नाही. २०२५ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, टेक्ससच्या फैझान झाकीने ‘एक्लेर्सिसमाँ’ या फ्रेंच वळणाच्या शब्दावर स्पर्धा जिंकली. अर्थ काय, तर एखाद्या गूढ गोष्टीचा उलगडा.

स्पर्धेची रीत साधी आहे. आधी शाळेत, मग विभागात, मग मे महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर. शेवटच्या टप्प्यापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे मुलं पोचतात. शाळेच्या आणि विभागाच्या तयारीसाठी चार हजार शब्दांची अधिकृत यादी मिळते. राष्ट्रीय फेऱ्यांत पुढे यादी संपते आणि वेबस्टरचा अख्खा मोठा शब्दकोश खुला होतो. मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, तो कुठल्या भाषेतून आला ते विचारता येतं, वाक्यात कसा वापरतात तेही विचारता येतं. पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. अक्षर चुकलं की घंटी वाजते आणि मूल बाहेर. गणितात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे ब्याण्णव नावाचा गुणच नसतो.

शिवाय आठवीच्या पुढच्या मुलांना प्रवेश नाही. त्यामुळे आठवीतलं प्रत्येक मूल ‘ही शेवटची संधी’ असं मनात घेऊनच उभं असतं. चौदाव्या वर्षी शेवटची संधी! आपण त्या वयात सुट्टीत चिंचा गोळा करत होतो.

आता आपल्या लोकांचा या स्पर्धेशी इतका संबंध कसा आला, ते सांगते. १९८५ मध्ये शिकागोकडच्या बालू नटराजनने ‘मिल्यू’ या शब्दावर स्पर्धा जिंकली. भारतीय वंशाचा तो पहिला विजेता. १९९९ मध्ये नूपुर लाला जिंकली आणि त्या वर्षीच्या स्पर्धेवरचा ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट २००२ मध्ये आला. तो अनेक भारतीय घरांत पाहिला गेला. त्यानंतर तर रांगच लागली. २००८ ते २०१९ या काळात एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांत भारतीय वंशाचं मूल नव्हतं. २०१९ मध्ये आयोजकांकडचे कठीण शब्द संपत आले आणि विसाव्या फेरीनंतर आठ मुलांना एकत्र विजेते म्हणून जाहीर केलं. त्या आठांपैकी सात आपल्याकडची. २०२५ मध्ये दुसऱ्या आलेल्या मुलाचं आडनाव तर कदम होतं. लेकीकडे ते आडनाव वाचून आमचा ऊर उगाचच भरून आला होता.

लोक म्हणतात, आपल्या मुलांच्या रक्तातच आहे. मला हे पटत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि आपल्याकडची शिकलेली माणसं तिकडे गेली, डॉक्टर आणि इंजिनिअर. पाठांतराची सवय त्यांच्या घरात होतीच. १९८९ मध्ये ‘नॉर्थ साउथ फाउंडेशन’ नावाची संस्था निघाली. ती भारतातल्या गरजू मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी पैसे उभे करते आणि तिकडच्या भारतीय मुलांसाठी गावोगावी स्पेलिंगच्या स्पर्धा भरवते. म्हणजे मोठ्या स्पर्धेआधी छोट्या स्पर्धांचा सराव आला. एका आळीत एका घरी तबला आला की चार घरांतली मुलं तबला शिकायला लागतात. हे तसं आहे. यात रक्ताचा काही संबंध नाही. सवयीचा आहे, वेळेचा आहे आणि पैशाचाही आहे.

पैसा आणि वेळ म्हणजे काय, ते लेकीच्या घरी मला दिसलं. फ्रिजच्या दारावर तक्ता. हिरवे शब्द पाठ झालेले, पिवळे अर्धवट, लाल अजून बाकी. सकाळी शाळेआधी वीस मिनिटं, संध्याकाळी दीड तास, शनिवार-रविवारी तीन तास. आठवड्यातून दोनदा संगणकावर शिकवणी. शिकवणारा कॉलेजात जाणारा मुलगा. लहानपणी तो स्वतः या स्पर्धेत उतरला होता. तासाला साठ डॉलर. गाडीतून कुठे निघालो की जावई स्टिअरिंगवर हात ठेवून शब्द विचारायचे आणि मागच्या सीटवरून अक्षरं यायची.

जावयांबद्दल तुमचा गैरसमज होऊ देणार नाही. अत्यंत शांत माणूस. शिरोळ तालुक्यातल्या खेड्यात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच वर्षी वर्गात उभं राहून एक इंग्रजी शब्द चुकीचा वाचला आणि सगळा वर्ग हसला. तो शब्द त्यांना अजून आठवतो. आम्हाला मात्र त्यांनी तो कधी सांगितला नाही. मुलीवर कोणी तसं हसू नये एवढीच त्यांची इच्छा. आई-बापांच्या अशा कितीतरी गोष्टी मुलांच्या वेळापत्रकात जाऊन बसतात आणि कुणाला कळतही नाही.

मी सूर्यास्ताच्या आत जेवते. डिसेंबरात न्यू जर्सीला साडेचारला सूर्य मावळतो. लेक आणि जावई तेव्हा ऑफिसात. नातीची शाळेची बस साडेतीनला यायची. ती आली की हातपाय धुऊन माझ्याबरोबर जेवायची. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, ताक. ज्वारीचं पीठ तिकडच्या आपल्या दुकानात छान मिळतं. चार ते साडेचार हा आमचा दोघींचा वेळ. त्या वेळात तिच्याकडे तक्ता नसायचा आणि माझ्याकडे फोन नसायचा.

सुरुवातीला ती मला शब्द शिकवायची. एकदा म्हणाली, “आजी, ‘मंगूज’ हा शब्द कुठून आला सांग.” मला काय माहीत? म्हणाली, “तुझ्या भाषेतून! शब्दकोशात लिहिलंय, मराठी किंवा कोंकणी, मग पोर्तुगीज, मग इंग्रजी.” म्हणजे आपलं मुंगूस बोटीत बसून इतक्या लांब गेलं म्हणायचं. आम्ही दोघी खूप हसलो. ‘अहिंसा’ हाही त्यांच्या शब्दकोशात आहे, तोही तिने दाखवला. शब्दांची खरी गोडी तिच्यात आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की मुलीला मारून मुटकून बसवलं होतं. तसं अजिबात नव्हतं.

जानेवारीत ती शाळेत पहिली आली. घरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जावयांनी फोटो पाठवले, आमच्या सांगलीच्या घरातही फोन वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “काय मग, खूश ना?” ती ताकाचा पेला फिरवत म्हणाली, “आता अजून सहा आठवडे.”

तेव्हापासून मी नीट बघायला लागले. अंगठ्याच्या कडेची कातडी दातांनी सोललेली. शिकवणीच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून भाकरी अर्धी. रात्री मी पाणी प्यायला उठले की तिच्या खोलीतून झोपेतली अक्षरं ऐकू यायची. टी, आय, ओ, एन. आणि मग एका संध्याकाळी तिने विचारलं, “आजी, मी पहिल्याच फेरीत आउट झाले तर बाबांचे दोन हजार आठशे ऐंशी डॉलर वाया जाणार ना?”

मी म्हटलं, हा आकडा तुला कुणी सांगितला? कुणीच सांगितला नव्हता. चोवीस आठवडे, आठवड्याला दोन तास, तासाला साठ. वहीच्या मागच्या पानावर तिने गुणाकार करून ठेवला होता. खाली दोन रेघा मारल्या होत्या, शाळेत उत्तराखाली मारतात तशा.

मैत्रिणींनो, घरात तिला कुणी रागावलं नव्हतं. तुला जिंकायलाच हवं असं एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. तरी ते पोर कर्ज डोक्यावर घेऊन फिरत होतं.

त्यानंतर रात्री मी या विषयावर बरंच वाचलं. अँजेला डकवर्थ या मानसशास्त्राच्या अभ्यासिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतल्या मुलांच्या सरावाचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलं तीन तऱ्हांनी तयारी करतात. आवडीचं वाचन करून, दुसऱ्याकडून शब्द विचारून घेऊन, आणि एकटं बसून शब्द घोकून. स्पर्धेत सगळ्यात उपयोग झाला तो एकट्याने घोकण्याचा. आणि मुलांना सगळ्यात जास्त कष्टाचं, सगळ्यात कमी आनंदाचं वाटलं तेही तेच. हे वाचून मला बरं वाटलं नाही. म्हणजे यश हवं असेल तर नेमका नकोसा भागच वाढवावा लागतो, आणि मूल जितकं चिकाटीचं तितकं ते जास्त वेळ एकटं बसतं.

२००४ च्या स्पर्धेतली एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. अक्षय बुद्दिगा नावाच्या मुलाला ‘अलोपेकॉइड’ हा शब्द दिला होता. तो मंचावरच चक्कर येऊन कोसळला. सगळे घाबरले. तो स्वतःच उठला, माइकसमोर उभा राहिला आणि स्पेलिंग बरोबर सांगितलं. त्या वर्षी तो दुसरा आला. त्याचा भाऊ दोन वर्षांपूर्वीच विजेता झाला होता. लोक या गोष्टीकडे जिद्दीची गोष्ट म्हणून बघतात. जिद्द आहेच. पण मी आजी आहे, मला आधी त्याचं कोसळणं दिसतं.

उलट बाजूही सांगायला हवी. फैझान झाकीचीच गोष्ट घ्या. २०२४ मध्ये तो अगदी शेवटच्या झटपट फेरीत हरून दुसरा आला होता. २०२५ मध्ये समोरचे दोघेही चुकले आणि स्पर्धा त्याच्या हातात आली. त्या उत्साहात त्याने पुढच्या शब्दाला काही न विचारता घाईने अक्षरं सांगितली आणि चुकला. सगळे परत खेळात आले. तरी तो मोडला नाही, पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. जिंकल्यावर आनंदाने मंचावर आडवा पडला. २०१९ ची ती आठ मुलं तर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असून प्रत्येकाच्या शब्दानंतर हातावर टाळी देत होती. मुलांमध्ये स्पर्धेचं विष आपण समजतो तितकं नसतं, असं मला ते बघून वाटलं.

मग ताण येतो कुठून? माझ्या बुद्धीला तीन जागा दिसल्या. पहिली घंटीची. एक अक्षर चुकलं की खेळ संपला, हा नियम कुणाच्याही पोटात गोळा आणणारा आहे. दुसरी वयाची, आठवीनंतर दार बंद होतं ती. या दोन्ही आपल्या हातात नाहीत. तिसरी जागा घरातली. फ्रिजवरचा तक्ता, गाडीतले प्रश्न, नातेवाइकांना पाठवलेले फोटो, न बोलता झालेला खर्च. ही मात्र पूर्णपणे आपल्या हातातली.

मी आधी लेकीशी बोलले. तिला अंगठा दिसला होता, आकडा माहीत नव्हता. जावयांशी असं बोलणं सासूला सोपं नसतं, तुम्हाला सांगायला नको. रविवारी मंदिरातून आणि पाठशाळेतून आल्यावर, नात शेजारी खेळायला गेलेली असताना, आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी उपदेश केला नाही. नातीला विचारून तिची वही आणली होती, ती मागचं पान उघडून ओट्यावर ठेवली.

जावई बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत होते. मग म्हणाले, “आई, मी तिला कधी ओरडलो नाही हो.” मी म्हटलं, “नाहीच ओरडलात. मी साक्षीला आहे.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मी पण असाच हिशेब करायचो. वडिलांनी माझ्या फीसाठी म्हैस विकली होती.”

त्या दिवशी घरात काही गोष्टी ठरल्या. त्या लिहिते, कुणाला उपयोगी पडतील.

पैशाचं जावयांनी तिला स्वतः सांगितलं. शिकवणीचे पैसे शिकण्याचे आहेत, जिंकण्याचे नाहीत, आणि जे शिकली ते शिकून झालं, ते कुणी परत मागत नाही. दुधाचे पैसे देतो तसे हे पैसे, दूध पिऊन उंची किती वाढली ते कोणी मोजत नाही. वहीचं ते पान तिनेच फाडलं.

गाडीत शब्द बंद. गाडीत गाणी किंवा गप्पा.

संध्याकाळचं जेवण झालं की वही मिटायची. जेवण आमचं लवकर, त्यामुळे शिकवणीचा तास शनिवारी सकाळी घेतला आणि तोही आठवड्याला एकच. शिकवणाऱ्या मुलाला सांगितलं तेव्हा तो लगेच तयार झाला. त्याचा एक तास कमी झाला, तरी.

विभागाच्या स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत नातेवाइकांना फोन नाहीत, फोटो नाहीत. हे सगळ्यात कठीण गेलं, कारण आमच्याकडचे काका-आत्या रोज विचारायचे.

आणि सगळ्यात शेवटी तिला विचारलं, तुला स्पर्धेत उतरायचं आहे का? उत्तर लगेच मागितलं नाही. दोन दिवसांनी तिने सांगितलं, उतरायचं आहे. पण यादी घोकण्यापेक्षा शब्दांची मुळं जास्त शिकायची आहेत, लॅटिन आणि ग्रीक, कारण “ते कोडं सोडवल्यासारखं असतं.” अंगठा लगेच बरा झाला असं नाही. पोटदुखी मात्र दोन आठवड्यांत थांबली.

मार्चच्या सुरुवातीला विभागाची स्पर्धा झाली. एका सभागृहात चाळीसेक मुलं, गळ्यात क्रमांकाच्या पाट्या. मुलांपेक्षा मला आई-बापच जास्त बघण्यासारखे वाटले. मूल अक्षरं सांगत असताना खाली बसलेल्या पालकांचे ओठ हलतात, आवाज न करता. आमच्या जावयांचेही हलत होते.

चौथ्या फेरीत नातीला शब्द आला ‘सॅक्रिलिजस’. अर्थ, पवित्र गोष्टीची विटंबना करणारा. तिने अर्थ विचारला, भाषा विचारली, लॅटिन असं उत्तर आलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. एस, ए, सी, आर, ई... पुढची अक्षरं तिने ‘रिलिजस’सारखी सांगितली. घंटी वाजली. ‘आर’नंतर ‘आय’ हवा होता आणि ‘ई’ त्याच्या पुढे.

ती बाहेर आली आणि आईच्या कोटात तोंड खुपसून रडली. चांगली दहा मिनिटं रडली. रडू नको असं आम्ही कुणी म्हटलं नाही. इतके महिने कष्ट केले होते, रडायचा हक्क होता तिचा. जावयांनी शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिची पाण्याची बाटली हातात धरून शेजारी उभे राहिले.

सूर्यास्ताला अजून पाऊण तास होता. गाडीत बसून आम्ही डबा उघडला, कोबीची थालीपीठं आणि दही. दुसरं थालीपीठ संपवल्यावर तिने स्वतःच फोनवर शब्दकोश उघडला. हा शब्द ‘रिलिजन’मधून आलेलाच नाही, हे तिला तिथे कळलं. लॅटिनमध्ये ‘सॅकर’ म्हणजे पवित्र आणि ‘लेगेरे’ म्हणजे उचलणं, गोळा करणं. देवळातली पवित्र वस्तू उचलून नेणारा चोर, असा त्याचा मूळ अर्थ. दोन क्षण थांबून ती म्हणाली, “आजी, म्हणजे हे अदत्तादान!” पाठशाळेत अचौर्य अणुव्रत शिकवताना हा शब्द तिच्या कानावरून गेला होता. न दिलेलं घेणं. आता तो शब्द ती जन्मात विसरणार नाही, इंग्रजीही आणि आपलाही.

दशलक्षण पर्वात दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा असतो, मान सोडण्याचा. दरवर्षी आपण ऐकतो आणि वाटतं, आपल्याला कसला आलाय मान, आपण साध्या गृहिणी. पण मुलांच्या यशातला मान फार लबाड असतो. तो ‘तिच्या भल्यासाठी’ असं म्हणत घरात येतो आणि आपण त्याला पाट मांडतो. मूल जिंकलं तर फोटो कुणाचा फिरतो आणि हरलं तर मान कुणाची खाली जाते, एवढं स्वतःला विचारलं तरी तो ओळखू येतो.

आणि हे काही अमेरिकेचंच दुखणं नाही. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, अबॅकस आहे, निरनिराळ्या ऑलिम्पियाड आहेत. आपल्या पाठशाळांतही पाठांतराच्या स्पर्धा होतात. सहा वर्षांचं लेकरू सगळ्या समाजासमोर उभं राहून स्तोत्र म्हणताना मध्येच एक ओळ विसरतं आणि समोर बसलेल्या आईचा चेहरा शोधतं. त्या क्षणी त्याला आईच्या चेहऱ्यावर काय दिसतं, ते स्तोत्रापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं. पाठांतर वाईट नाही. मी स्वतः आजीच्या मांडीवर बसून पाठ केलेलं आजही म्हणते. पण आजीने मला कधी क्रमांक दिला नव्हता.

तुमच्या घरात एखादं मूल कसलीही तयारी करत असेल तर तीनच गोष्टी बघा. त्याची झोप, त्याचं जेवण आणि त्याची नखं. ही तीन खोटं बोलत नाहीत. आणि दिवसातली अर्धी घटका तरी अशी ठेवा की ज्यात त्याला काहीही विचारलं जाणार नाही. आमच्याकडे ती जेवणाची होती. तुमच्याकडे केस विंचरण्याची असेल, नाही तर देवळात चालत जाण्याची. मुलं मनातलं अशाच वेळी बोलतात, समोर बसवून “काय झालं सांग” म्हटल्यावर नाही.

नात आता सातवीत गेली. यंदा स्पर्धेत उतरणार का, ते अजून ठरलेलं नाही आणि ठरवण्याची घाईही कुणाला नाही. दर रविवारी फोनवर ती मला एक इंग्रजी शब्द सांगते आणि मी तिला एक मराठी. गेल्या रविवारी मी तिला ‘सावड’ सांगितला. ती म्हणाली, “याचं मूळ काय?” आता ते मला शोधायचं आहे.

जय जिनेंद्र!